सव्वासातचा खोकला

आशाबाईंचा खोकला सव्वासातला सुरू व्हायचा. वाचनाला त्या सातला बसत. पहिली दोन पानं स्वच्छ जात. मग एक कोरडा ठसका, पाण्याचा घोट, पुन्हा दोन ओळी. साडेसातपर्यंत वाक्याच्या मधोमध थांबावं लागे. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केल्यापासून मला वेळा टिपून ठेवायची सवय आहे. अकरा दिवसांपैकी नऊ दिवस पहिला ठसका सात दहा ते सात वीसच्या मध्ये आला होता.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर आहे. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. रोज चार-पाच पानं. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपतो आणि त्या दिवशी सगळ्यांना खीर असते. गेली चौदा वर्षं हे वाचन आशाबाईच करतात. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या आणि आयुष्यात पहिलं पुस्तक उघडलं ते हेच. चार वर्षं घरी बोट ठेवून ठेवून वाचलं, मग विहारात बसल्या. आता त्या बासष्ट वर्षांच्या आहेत.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी वाचन संपलं तेव्हा विहार समितीचे अध्यक्ष सोमाजीभाऊ म्हणाले, "आशाबाई, यंदा जरा आराम करा. मायी नात वाचंल. उर्वशी दहावीत हाये, फटफट वाचते."

"फटफट वाचते म्हनूनच नाई," आशाबाई म्हणाल्या. "आइकनाऱ्यानं का बसच्या मांगं पळावं काय?"

सगळे हसले. उर्वशीसुद्धा हसली. आशाबाई हसायला लागल्या आणि त्यातच त्यांना असा खोकला आला की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. हसणं थांबलं. सोमाजीभाऊंनी त्यांना स्टूल दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "असंच चाललं तं मले ठरवाच लागंल, बाई. तुमचा जीव घेऊन ग्रंथ नाई वाचाचा."

आशाबाईंनी ग्रंथ कापडात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. त्या दाराबाहेर पडल्या तेव्हा मी त्यांच्या मागे गेले.

"उद्या सावलीले जाऊ, दवाखान्यात," मी म्हटलं.

"गोळ्या देईन आनखी काय?"

"एक्स-रे काढू. मंग पाहू."

एक्स-रे झाला, थुंकीची तपासणी झाली. क्षयरोग नव्हता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग औषधाबद्दल न बोलता एक प्रश्न विचारला. खोकला कुठे वाढतो आणि कुठे कमी होतो? मला उत्तर माहीत होतं. जुलैच्या शेवटी आशाबाई आठ दिवस बल्लारपूरला लेकीकडे होत्या; तेवढे दिवस वाचन उर्वशीनं केलं होतं. तिथे एकदाही खोकल्या नव्हत्या. परतल्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाला होता.

"मग ही जागेची गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "तिथल्या हवेतलं काहीतरी यांच्या फुफ्फुसाला सोसत नाही. औषध देतो, पण ती हवा सुटली नाही तर पुढे औषधानंही भागणार नाही. हा त्रास कायमचा बसतो."

येताना एसटीत आशाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग बल्लारपूरलेच जाऊन राहू काय? जावई चांगला हाये. पन टीव्ही लय मोठ्यानं लावते."

"जायची गरज नाई. जागा बदलू."

"विहार बदलाचा?"

"वाचनाची जागा बदलाची."

हे मी ज्या सहजपणे बोलले, त्या सहजपणे ते होणार नव्हतं हे मला माहीत होतं. पण आधी विहारात नेमकं काय आहे ते शोधायचं होतं. मी एक छोटा मीटर मागवला. हवेतला दमटपणा टक्क्यांत दाखवणारा, हातात मावेल एवढा. विहारात त्याच्यावर चौऱ्याऐंशीचा आकडा आला. उत्तरेच्या भिंतीवर, आशाबाई बसतात तिथून चार हातांवर, स्लॅब गळून हिरवट काळा डाग पसरला होता. त्याला हात लावला की बोटाला काळं लागत होतं. साठ-पासष्टच्या वर दमटपणा सतत राहिला तर भिंतीवर बुरशी धरते, तिचे बारीक कण हवेत सुटतात, काही लोकांच्या छातीला ते सोसत नाहीत. कॉलेजात शिकलेलं सगळं माझ्यासमोर भिंतीवर लिहिलेलं होतं.

विहाराला लागून मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथे आमच्या महिला बचत गटाच्या मशरूमच्या पिशव्या टांगलेल्या असतात. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, भिजवून, वाफवून पिशव्यांत भरायचं, त्यात बियाणं टाकायचं आणि पंचवीस दिवसांनी पिशवीच्या भोकांतून धिंगरी मशरूम उगवते. हे काम मीच गटाला शिकवलं. जूनमध्ये ती खोलीही मीच निवडली, कारण ती अंधारी, थंड आणि रिकामी होती. ती खोली मी मीटरनं मोजली नाही. तिथे ओल हवीच होती. रोज दोनदा पाणी फवारायला मीच सांगितलं होतं.

आम्ही डागाची भिंत घासली. ब्लीचिंगचं पाणी मारलं, पंखे लावून वाळवली. तोवर दोन दिवस वाचन उर्वशीनं केलं आणि आशाबाई घरी बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, बसल्या, आणि सात वीसला खोकल्या.

"भिंत तं गोरी झाली," सोमाजीभाऊ म्हणाले. "आता?"

"आता दुसरी जागा, भाऊ. जिथं सगळ्यात कोरडं असंल तिथं."

सोमाजीभाऊंनी बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काम केलं. त्यांचा माझ्या मीटरवर विश्वास नव्हता. त्यांची पद्धत वेगळी होती. ज्या खोलीची परीक्षा घ्यायची तिथे ते वर्तमानपत्राचं एक पान रात्रभर ठेवत. सकाळी ते पान एका कोपऱ्याला धरून कानाजवळ झटकत. कोरडा कागद खडखड वाजतो, ओलसर कागद फडक्यासारखा गप्प हलतो. "ओला कागद मले नको सांगू, पोरी," ते म्हणत. "मी अंधारात सांगतो, किती पानी हाये."

असे आम्ही दोघं, मीटर आणि वर्तमानपत्र घेऊन, तीन दिवस गावभर फिरलो. रस्त्यात लोक विचारत, "काऊन वो भाऊ, लग्नाचा हॉल पाहून राह्यले काय?" भाऊ सांगत, "हो, आशाबाईचं जमवलं." धानाचं गोदाम पाहायला आशाबाईही आल्या होत्या, पण त्या दाराशीच थांबल्या. ओल्या पोत्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. शाळेच्या खोलीत ब्याऐंशी. भाऊंचा कागदही तिथे गप्प. जाता जाता मी फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यातही मीटर धरला. तीन बाजूंना भिंती, समोर उघडा, वर सिमेंटचं छत. आकडा आला एक्क्याण्णव. भाऊ इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

"इथी आशाबाईले बशवाचं? मंग नदीतच बशव नं!"

ग्रामपंचायतीच्या सभागृहात सहासष्ट आला. ऑनलाइन बैठकांसाठी तिथे एसी बसवला होता, खिडक्या घट्ट बंद होत्या, फरशी नवीन होती. भाऊंचा कागद तिथे चांगला खडखडला. दोन्ही परीक्षांचा निकाल एक आला, तेव्हा मला फार बरं वाटलं. सरपंचांनी महिनाभर संध्याकाळी सभागृह वापरायची परवानगी दिली. काही लोक कुरकुरले, विहार सोडून पंचायतीत काऊन, म्हणून. काही खूश होते. तिथे खुर्च्या होत्या, पाठ टेकता येत होती.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही गेलो. आशाबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. "ग्रंथ वाचतानी मी कधी लटकून नाई बसलो," त्या म्हणाल्या. म्हणून सरिताकाकूनं आणि दोघी-तिघींनी विहारातून दऱ्या, म्हणजे सतरंज्या, आणल्या. सरिताकाकू माझी चुलती, बचत गटाची अध्यक्ष. दऱ्या झटकल्या, अंथरल्या, दार लावलं, एसी सुरू केला. आशाबाईंनी ग्रंथ उघडला.

सात वाजून पाच मिनिटांनी त्या खोकल्या.

सात दहाला त्यांना श्वास पुरेना. मी त्यांना बाहेर पायऱ्यांवर आणून बसवलं. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप दिला, पाठ धरली. आत उर्वशी वाचायला लागली होती. तिचा आवाज दारातून येत होता, भराभर, एकसारखा. आशाबाई ऐकत होत्या. दम थोडा बसल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"सोमाजीभाऊले सांगजो," त्या म्हणाल्या. "उर्वशीलेच करू दे. मी उद्यापासून नाई येत."

"आशाबाई, आणखी चार दिवस द्या मले."

"तुये आकडे बरोबर असतीन, पोरी. मायीच छाती खराब हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दऱ्या परत न्यायला मी एकटीच सभागृहात गेले. मला काही समजत नव्हतं. सगळ्यात कोरड्या खोलीत खोकला लवकर आला होता आणि जास्त आला होता. म्हणजे एकतर डॉक्टर चुकले होते, नाहीतर विहारातली हवा आमच्याबरोबर सभागृहात आली होती. हवा कशातून येईल? मी दरीची घडी घातली आणि तिच्या काळ्या पट्ट्यावर पांढरी, अगदी बारीक भुकटी दिसली. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

सोमाजीभाऊ किल्ली घ्यायला आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "चुना हाये. विहाराच्या भिंतीचा."

कालपर्यंत मीही तेच म्हटलं असतं. मी भाऊंच्या घरून अर्धं लिंबू आणलं. विहाराच्या भिंतीचा एक पोपडा काढून त्यावर लिंबू पिळलं. लगेच बारीक फेस आला, जुना चुना आंबट लागला की तसा येतो. मग दरीवरची भुकटी कागदावर झटकून तिच्यावर पिळलं. काहीच झालं नाही. भुकटी रसात तशीच पडून राहिली.

"मंग हे काय हाये?" भाऊंनी विचारलं.

"दऱ्या कुठी ठेवतो आपन?"

"मांगच्या खोलीत. मांडनीवर."

मी मागच्या खोलीत गेले. मांडणीच्या वर मशरूमच्या पिशव्यांची रांग होती. एकेका पिशवीवर तळहाताएवढ्या छत्र्या पूर्ण उघडल्या होत्या, काहींच्या कडा वर वळल्या होत्या. खालच्या फळीवर पांढरा थर होता. खोलीच्या वरच्या बाजूला विहारात उघडणारा झरोका आहे, हवा खेळती राहावी म्हणून मीच तो उघडा ठेवायला सांगितला होता. त्या झरोक्याखाली, पलीकडच्या बाजूला, आशाबाईंची बसायची जागा आणि ग्रंथाचं कपाट.

मी एक मोठी छत्री तोडून घरी नेली आणि काळ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली. कागदावर पांढऱ्या रेषांचं एक सुंदर चक्र उमटलं होतं. छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांतून रात्रभर गळलेले बीजाणू. दरीवरची भुकटी शेजारी ठेवली. रंग तोच, बारीकपणा तोच. कॉलेजातल्या सरांना भेटून दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तेच लांबट, पारदर्शक कण. खात्री झाली, पण खरं तर खात्री मला वाटी उचलली तेव्हाच झाली होती.

गटाला शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोडणी करताना नाकातोंडाला फडकं बांधा, या कणांनी खोकला होऊ शकतो. बायका नेमानं बांधत होत्या. भिंतीच्या पलीकडे कोणी बसतं याचा मी विचार केला नव्हता.

संध्याकाळी सरिताकाकूकडे गेले. ती अंगणात तणस कापत होती.

"काकू, छत्र्या इतक्या उघडेपर्यंत काऊन ठेवता? कडा खाली असतानीच तोडा म्हटलं होतं मी."

"कळी कोन घेते वो?" काकू म्हणाली. "सावलीच्या बाजारात बाया म्हनतात, सात्या कशा उघडतात जंगलात, तशी दे. मिटकी दिली तं म्हनतात, हे काय, पाव हाये काय? तुले माहीत होतं नं? तूच तं एक बार बाजारात होतीस."

मला माहीत होतं. सात्या म्हणजे आमच्याकडे पावसात वारुळापाशी उगवणारी रानमशरूम. लोक तिची वर्षभर वाट पाहतात आणि प्रत्येक मशरूम तिच्याशीच ताडून बघतात. मी ते पाहिलं होतं आणि ग्राहकांची आवड म्हणून सोडून दिलं होतं. उघडलेली छत्री लाखो कण सोडते, मिटलेली जवळजवळ नाही, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असून मी त्या एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

मी काकूला सांगितलं. तिचा विळा थांबला.

"म्हंजे आता आमच्या मशरूमनं आशाबाई बिमार झाली, असं गावात सांगशीन?"

"गटानं नाई केलं, काकू. खोली मी निवडली."

"ते आइकून कोन थांबनार हाये? बुधवारचा बाजार होईन काय आमचा?"

तरी दुसऱ्या दिवशी मी विहाराच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. आशाबाईही आल्या, पण आत न येता रस्त्याकडच्या कट्ट्यावर बसल्या. मी दोन काळे कागद दाखवले. लिंबाची गोष्ट सांगितली. झरोका दाखवला. आणि खोली कोणी निवडली, झरोका कोणी उघडा ठेवायला सांगितला, तेही सांगितलं.

मग सोमाजीभाऊ म्हणाले, "म्हंजे मीटर घेऊन गावभर फिरली अन् आपल्याच घरात नाई पाह्यलं."

"हो, भाऊ."

"मी बी कागद झटकत होतो नं तुयासंगं," ते म्हणाले. "कागदाले काय माहीत, हवेत काय हाये."

सरिताकाकू उठली. मला वाटलं ती निघून जाईल. ती म्हणाली, "माया बकऱ्याचा कोठा रिकामा हाये, बांधीजवळ. बांबूच्या तट्ट्याचा. उद्या पिशव्या तिथं नेऊ. मिटक्याच तोडू, बाजारात कोनाले घ्याच्या तं घेतीन." मग माझ्याकडे बघून, "तू येशीन उचलाले. सगळ्या पिशव्या."

"येतो, काकू."

खोली धुऊन, भिंती पुसून, विहार पुन्हा मोकळा व्हायला पंधरा-वीस दिवस तरी लागणार होते. सभागृहात दऱ्या झटकल्या होत्या आणि एसी तीच हवा फिरवत होता. मग वाचन कुठे? कोणी शाळा म्हटलं, कोणी सोमाजीभाऊंची ओसरी. आशाबाई कट्ट्यावरून म्हणाल्या, "फाट्यावर बसू. बसच्या निवाऱ्यात. संध्याकाळची बस साडेसहाले जाते, मंग रिकामाच राहते."

"तिथं एक्क्याण्णव होता!" सोमाजीभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

"होता," मी म्हटलं. "पण तिथं काही उगवत नाई, अन् हवा थांबत नाई. पाऊस पडून राह्यला की सगळ्याच गावात नव्वद असते. नुसत्या ओलीनं आशाबाई खोकलत नाईत. मीटर फक्त ओल मोजते, भाऊ. मी त्याच्यावरच भरवसा ठेवला."

"मंग ठरलं," आशाबाई म्हणाल्या. "नवी चटई पायजे फक्त."

एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती मी सगळ्यांसमोर सांगितली नाही. लोक गेल्यावर कपाटातून ग्रंथ आणला, कट्ट्यावर आशाबाईंपासून लांब ठेवला आणि काळ्या फडक्यानं त्याची वरची कड पुसली. फडकं पांढरं झालं. जूनपासून तो झरोक्याखालीच होता. रोज त्या तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरत होत्या.

आशाबाईंनी फडक्याकडे पाहिलं, मग ग्रंथाकडे.

"त्यात माया खुना हायेत," त्या म्हणाल्या.

मला त्या खुणा माहीत होत्या. पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा, दम कुठे घ्यायचा ते दाखवणाऱ्या. अवघड शब्दांखाली तुकडे पाडलेले. चौदा वर्षांच्या.

"फेकाचा नाई," मी म्हटलं. "मी एकेक पान पुसतो, उनात ठेवतो. एक-दोन महिने लागतीन. पन यंदा तुमी याच्यातून वाचू नका."

"दुसरा मले येत नाई."

"अक्षरं तेच हायेत, आशाबाई."

"पान तेच नाई." त्यांनी पदरानं हात पुसले, ग्रंथाला हात न लावता, आणि म्हणाल्या, "सोमाजीभाऊकडे एक हाये. बारीक अक्षराचा."

सोमवारी आम्ही निवाऱ्यात बसलो. नवी प्लास्टिकची चटई, बॅटरीचा दिवा, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे धान. बावीस लोक आले होते. आत न मावलेले छत्री घेऊन कडेला उभे होते. आशाबाईंनी भाऊंचा ग्रंथ उघडला, चष्मा वर-खाली केला आणि वाचायला लागल्या.

त्या अडखळल्या. आम्ही कोणी त्यांना असं अडखळताना ऐकलं नव्हतं. जुन्या प्रतीत प्रत्येक वाक्य पानावर कुठे संपतं हे त्यांना ठाऊक होतं. इथे ओळ भलत्याच ठिकाणी तुटत होती. एका लांब शब्दापाशी त्या थांबल्या. उर्वशी हळूच पुढे झुकून तो शब्द म्हणाली.

"थांब," आशाबाई म्हणाल्या. "मले वाचू दे."

त्यांनी तो तीन तुकड्यांत वाचला, मग सलग वाचला, मग अख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सव्वासात झाले. सात वीस. पावणेआठला त्यांनी एकदा घसा साफ केला आणि पाण्याचा घोट घेतला. आठ वाजता त्यांनी बोट ठेवून ग्रंथ मिटला. दीड पान झालं होतं.

सोमाजीभाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला. "अठ्ठावीस दिवस हायेत पौर्णिमेले. पानं एकशे बारा. दीड पानानं बेचाळीस होतात, बाई. सत्तर राहतात." मग घाईनं म्हणाले, "मी उर्वशीचं नाई म्हनत. फक्त सांगून राह्यलो."

"दोघींनी अर्धं-अर्धं केलं तं?" उर्वशीनं विचारलं.

आशाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात कुरघोडी नव्हती, हे त्यांनाही दिसलं असावं. "संध्याकाळचं तू वाच, मी दमलो की," त्या म्हणाल्या. "पन मी सकाळी बी बसतो. सहाच्या बसच्या टायमाले. सवय होईन तसा वेग येईन."

"सकाळी कोन येईन? निंदन चालू हाये," सोमाजीभाऊ म्हणाले.

"बसची वाट पाहनारे तं राहतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची बस उशिरा होती. निवाऱ्यात पाच माणसं बसली होती. त्यातला एक गडचिरोलीला निघालेला, डोक्यावर रुमाल बांधलेला, त्याला काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग शेजाऱ्याला विचारलं, "रोज राहते काय हे?" शेजाऱ्यानं ओठावर बोट ठेवलं. आशाबाई पाय दुमडून, ग्रंथ मांडीवर धरून वाचत होत्या. कालच्यापेक्षा थोडं कमी अडखळत.

बस आली तेव्हा त्या पानाच्या मध्यावर होत्या. पाचही जण उठले. रुमालवाला दारापाशी जाऊनही मागे वळून ऐकत राहिला, कंडक्टरनं आवाज दिला तेव्हा चढला. बस हलली. आशाबाईंनी धूर ओसरेपर्यंत नाकाला पदर लावला, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर तसंच ठेवलं, आणि मग माझ्याकडे न बघता पुढचं वाक्य वाचायला घेतलं.